चौथा तुकडा

९ फेब्रुवारी

आज खत टाकलं. म्हणजे धुळीत धूळ मिसळली. गेल्या वर्षी पाऊस नावापुरता झाला, तेव्हापासून आभाळाने जे तोंड फिरवलंय ते फिरवलंच, आणि आम्ही इथे तराजूत तोलून कोरड्या जमिनीला नत्र, स्फुरद, पालाश वाढतोय. जेवणार कोण? संस्थेतल्या साहेबांना फोनवर म्हटलं, या वर्षी वगळू या का? तर म्हणाले, "बाई, योजना म्हणजे योजना. सात वर्षांत खंड पडला नाही, आता कशाला?" शहरात पंख्याखाली बसून बोलायला काय जातं! उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

तरी टाकलं. सांगितलेलं काम टाळणं मला आयुष्यात जमलेलं नाही. हात अजून चुरचुरतायत.

मदतनीस गेल्या महिन्यात नोकरी सोडून गेला. तेव्हापासून या पत्र्याच्या खोलीत मी आणि गवत सुकवायची भट्टी. भट्टी निदान गुणगुणते तरी. मोजमापांची वही वेगळी आहे, तिच्यात मत लिहायचं नसतं. म्हणून ही दुसरी. हिच्यात मी वाटेल ते लिहिणार आहे.

१४ फेब्रुवारी

संस्थेने दोन पाहुणे पाठवले होते. एकाचे बूट इतके चकचकीत की धुळीलाच त्यांच्यावर बसायचा संकोच वाटावा. त्यांना प्रयोगाचे चारही तुकडे फिरवून दाखवले. पहिला, ना खत ना कुंपण. दुसरा, कुंपण आहे, खत नाही. तिसरा, खत आहे पण कुंपण नाही, धाकट्या भावाच्या मेंढ्या येऊन चरून जातात. चौथा, खतही आणि कुंपणही. सात वर्षांत तिथल्या एका पात्याला मेंढीचं तोंड लागलेलं नाही.

बूटवाले म्हणाले, "मग चौथाच सगळ्यात उत्तम की! वाळलेलं असलं तरी केवढं गवत!"

"वजनाला उत्तम," म्हटलं. "पण जरा खाली वाकून बघा."

वाकतंय कोण! मग मीच सांगितलं. दुसऱ्यात तेवीस जातींची झाडंझुडपं आहेत, चौथ्यात चार. त्यातली दोन दांडगी गवतं आणि दोन तणं. त्यांना पटेना. म्हणाले, "बाई, पोट भरून कुणी मरतं का?" म्हटलं, पोट भरून नाही मेली, अंधाराने मेली. खत मिळालं की दांडगी गवतं अशी माजतात की खाली उन्हाचा ठिपका पोचत नाही, आणि पायाशी असलेली बुटकी बिचारी झुरून जातात. तिसऱ्या तुकड्यातही तेवढंच खत पडतं, पण तिथे मेंढ्या येता-जाता दांडग्यांच्या शेंड्या उडवतात, ऊन खाली उतरतं, सगळ्यांची सोय होते. तिथे एकोणीस जाती टिकल्यात. सात वर्षांचं माझं म्हणणं ते एवढंच. ते म्हणाले, "इंटरेस्टिंग," आणि गाडीत बसून गेले.

गेल्यावर दुसऱ्या तुकड्यात जाऊन बसले. सगळं वाळून करड्या रंगाचं झालंय, पण मी प्रत्येकीला ओळखते. बुटकी निळी, तीनपानी, म्हातारीचं नाक. ही नावं शास्त्रातली नाहीत. हे माळरान वडिलांचं. मी आणि धाकटा लहानपणी इथे लोळायचो तेव्हा आम्हीच बारसं केलं होतं. वडिलांनी अर्धं त्याला दिलं, अर्धं मला. त्याने मेंढ्या पाळल्या, मी शिकले आणि माझा वाटा प्रयोगाला दिला. तेव्हा तो म्हणाला होता, "ताई, तुझं कुरण शाळेत जाणार, माझं कामावर."

२७ फेब्रुवारी

प्रयोगाच्या राखणदाराच्या बायकोची शेळी मेली. सकाळी माझ्या खोलीच्या भिंतीशी पाय ताणून पडली होती. बाई अशी रडली, जणू पोटचं पोर गेलंय. शेळी रात्री चौथ्याची जाळी उचकटून आत शिरली होती, दातांत हिरवे कोंभ अडकले होते. चार दिवसांपूर्वी शिंतोडा पडला त्याने फुटलेले. पण ती मेली ते गवताने थोडंच! भिंतीशी खताचं पोतं फाटलेलं होतं, तेच चाटलं असणार. शेळीच ती, तिला काय वर्ज्य? नाकातून थोडं रक्त आलं होतं, कॉफीसारखं काळपट तपकिरी. वाळलं असेल.

चूक माझी, पोतं उघड्यावर ठेवायला नको होतं. आज सगळी पोती आत घेतली, कुलूप लावलं. जाळीही तारेने शिवली. आता पुन्हा असं व्हायचं नाही.

११ मार्च

धाकटा आला होता. दारातच उकिडवा बसला. खुर्ची दिली तर म्हणाला, "नको, कपडे धुळीचे आहेत." बहिणीच्या घरी कपड्यांचा विचार कधीपासून करायला लागला?

त्याच्या बाजूला आता खडे उरलेत. पहिला आणि तिसरा तुकडा मेंढ्यांनी मुळापर्यंत कुरतडलाय. साठ मेंढ्या, निम्म्याहून जास्त गाभण. पुठ्ठे खातात म्हणाला. भावजयीची वाळत घातलेली ओढणी खाल्ली. हे सांगताना हसला, मीही हसले.

"ताई, तुझ्या कुंपणात गवत लोळतंय आणि माझ्या मेंढ्या उभ्या वाळतायत."

म्हटलं, "ते गवत माझं नाही, प्रयोगाचं आहे. सात वर्षं आहेत त्यात. एक दिवस फाटक उघडलं की सातही गेली."

"सात वर्षं परत येतील. मेंढी परत येत नाही."

मला राग आला. याला वाटतं मी इथे गवताचे खेळ खेळते. म्हटलं, "मेंढ्या विकून टाक अर्ध्या." म्हणाला, "घेतंय कोण? सगळ्यांच्याच उपाशी आहेत." उठून गेला. जाताना मी भट्टीत सुकवलेल्या नमुन्यांची कागदी पाकिटं दिली, जुनी, वजन झालेली. उघडून बघितली आणि म्हणाला, "पाकिटातलं गवत! माझ्या मेंढ्या साहेब झाल्या." त्याच्यासारखा विनोद त्यालाच सुचतो. पण डोळे बघवत नव्हते.

२ एप्रिल

त्याच्या दोन मेंढ्या गेल्या. निव्वळ भुकेने.

दुपारी भावजय आली. काही मागायला आली असेल म्हणून मी आधीच तोंड वाकडं करून बसले, तर तिने काहीच मागितलं नाही. खोली झाडली, भट्टीवरची धूळ पुसली, माझे दोन कप विसळले. म्हटलं, "अगं राहू दे." म्हणाली, "हात रिकामे बसवत नाहीत, ताई." जाताना दारात थांबून एवढंच म्हणाली, "ते तुमच्याबद्दल वाईट बोलत नाहीत हं. मी बोलते कधी कधी, पण ते नाही."

संध्याकाळी चक्कर मारली तर त्याच्या मेंढ्या चौथ्याच्या जाळीला तोंडं लावून ओळीने उभ्या. पुढे म्होरकी, कान फाटलेली म्हातारी मेंढी, जी जाईल तिकडे कळप जातो. जाळीतून जीभ जेवढी जाईल तेवढ्यातली पाती खाऊन संपलेली, तरी उभ्या. मी हाकललं नाही. आत मोजायचं होतं, ते न मोजताच परत आले. आज एक ओळसुद्धा मोजमाप नाही. सात वर्षांत पहिल्यांदा.

१७ एप्रिल

पाऊस! अर्धा तासच, पण ढेकळं फुटतील एवढा. धाकट्याचा फोन आला, नुसता ओरडत होता.

२० एप्रिल

तीन दिवस झाले, आभाळ भरलेलंच आहे. ऊन नाही, पाऊसही नाही, आणि हवा दमट. धाकट्याच्या बाजूला काहीच उगवलं नाही, उगवायला मूळ उरलंय कुठे? दुसऱ्यात फिकट पोपटी फुटवा आहे, अंगठ्याएवढा. पण चौथा! अहाहा! वाळलेल्या गवताच्या बुडातून इतकं गर्द हिरवं वर आलंय की निळसर दिसतं. फेब्रुवारीतलं सगळं खत तसंच बसून होतं, ते एकदम लागू पडलं. चाकवतासारखं रुंद पानांचं तणही गच्च माजलंय. पाणी पडायचा अवकाश, तिप्पट चारा. मी उगाच साहेबांना नावं ठेवत होते.

आणि आज मला सुचलं. आंघोळ करताना सुचलं, ओल्या केसांनी साहेबांना फोन लावला. सात वर्षं आपण म्हणतोय की चौथ्यातली झाडं अंधाराने गेली. मग आता तिथे मेंढ्या सोडल्या, ऊन जमिनीला लागलं, तर बुटकी परत यायला हवीत. बी असेल मातीत. आली तर म्हणणं पुरं सिद्ध होतं. शिवाय माझ्या भावाची जनावरं जगतात. साहेब इतके खूश झाले की मला "वा" म्हणाले. सात वर्षांत पहिला "वा".

एकच अट घातली, चराई एकसारखी झाली पाहिजे. इथे कुरतडलं, तिथे सोडलं, असं नको.

मी स्वतःशी सगळं तपासलं. तिसऱ्यात हेच खत पडतं, मेंढ्या सात वर्षं चरतायत, एकीला साधी शिंक आली नाही. पोती कुलपात आहेत. काही राहिलं नाही ना? नाही.

२१ एप्रिल

धाकट्याला बोलावून सांगितलं. ऐकून तो पाया पडायला वाकला. "येडा आहेस का," म्हटलं आणि हात धरून उठवलं. किती हलका झालाय!

मग म्हणाला, "दुसऱ्यातही सोडू का थोड्या?"

"दुसऱ्याला हात लावायचा नाही." जरा जोरातच बोलले. "चौथ्यात काय कमी आहे? दुसऱ्याच्या तिप्पट चारा आहे. तुला चांगल्यातलं चांगलं देतेय."

"तसं नाही गं. देशील ते सोनं. हिरवं ते हिरवं."

खरं सांगायचं तर दुसरा मला जपायचा आहे. त्यात तेवीस जणी आहेत. चौथ्यातून काय जाणार? जायचं ते आधीच गेलंय.

एकसारख्या चराईचं मी ठरवलंय. भरल्या पोटी मेंढी नखरे करते, हे खाते ते सोडते. म्हणून उद्या दिवसभर मेंढवाड्यात कोंडून ठेव, काही घालू नकोस, परवा सकाळी भुकेल्या सोड, म्हणजे सरसकट खातील. तो म्हणाला, "एवीतेवी उपाशीच आहेत, अजून एक दिवस." दोघंही हसलो.

२३ एप्रिल

फाटक उघडलं. साडेसात झाले असतील. म्होरकी उंबरठ्यावर क्षणभर थांबली, मान खाली घातली, आणि मग सगळा कळप लोंढ्यासारखा आत गेला. मी जन्मात इतका सुंदर आवाज ऐकला नाही. पन्नासएक तोंडं एकदम गवत तोडतायत, बाकी काहीच आवाज नाही. धाकटा कुंपणाला टेकून उभा, आणि हसतोय, मोठ्याने, लहानपणी हसायचा तसा. भावजय डोळ्यांना पदर लावून हसतेय. मी प्रकाशमापक घेऊन आत गेले. जिथे सात वर्षं आकडा हलला नव्हता तिथे जमिनीवर उजेड पडलाय. रुंद पानांचं तण त्यांनी आधी फस्त केलं, आवडलेलं दिसतं. आणि किती एकसारखं खातायत, जणू कात्री फिरवली.

इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. माणसाने शहाणपण आणि माया एकाच दिवशी करावी, असं रोज कुठे घडतं?

आता अकरा वाजलेत. आकडे उतरवायला खोलीत आलेय. भावजयीने भाकर पाठवलीय, ती खाऊन परत जाईन. बाहेर काहीतरी गलका ऐकू येतोय. बघून येते.

२६ एप्रिल

लिहिते.

मी पोचले तेव्हा आठ-दहा पडल्या होत्या. बाकीच्या उभ्या होत्या, पण दारू प्यायल्यासारख्या, पाय फाकवून, तोंडं उघडी, भात्यासारख्या धापा टाकत. आणि तरी चरत होत्या. हे मला सगळ्यात विसरता येत नाही. पडता पडता खात होत्या.

धाकटा त्यांना ढकलत फाटकाबाहेर काढत होता आणि ओरडत होता, "ताई, काय होतंय यांना? ताई, सांग की!" मला विचारत होता. मी शिकलेली ना. मला काही माहीत नव्हतं.

जनावरांच्या डॉक्टरांना यायला तास गेला. त्यांनी एकीची पापणी उलटी केली, मग सुई टोचून रक्त काढलं. कॉफीसारखं. मी तिथेच खाली बसले.

त्यांच्या पिशवीत निळ्या औषधाची एकच बाटली होती. इतकी जनावरं आहेत हे फोनवर कुणी सांगितलंच नव्हतं. नऊ जणींना पुरलं. नऊ निवडायच्या होत्या. धाकट्याने पहिलं बोट म्होरकीकडे दाखवलं, मग त्याला बोट उचलवेना. बाकीच्या आठ डॉक्टरांनीच निवडल्या. ज्या जवळ पडल्या होत्या त्या.

नंतर डॉक्टरांनी सांगितलं. कोरड्यात घातलेलं खत मातीत साठून राहतं. मग थोडं पाणी मिळालं की गवत ते घटाघट पिऊन घेतं, पण ऊन नसेल तर ते पचवता येत नाही, म्हणून ते पात्यात तसंच राहतं. नायट्रेट. मेंढीच्या पोटात त्याचं विष होतं आणि रक्त श्वास धरेनासं होतं. श्वास घेतात, पण घेऊन उपयोग नसतो. रुंद पानांच्या तणात सगळ्यात जास्त. नत्राचा हिशेब मी सात वर्षं करतेय, चिमटीभर इकडचं तिकडे होऊ दिलं नाही. पण मी ते झाडांच्या बाजूने मोजलं. माझ्या लेखी मेंढी म्हणजे शेंड्या उडवणारी कात्री होती. तिला पोट असतं हे ध्यानातच नव्हतं.

आणि शेळी! दातांत कोंभ होते तिच्या. पोत्याला कुलूप लावून मी निश्चिंत झाले.

डॉक्टरांनी विचारलं, "उपाशी सोडल्या होत्या का? थोडं खाऊन सोडल्या असत्या तर इतक्या गेल्या नसत्या. उपाशी जनावर अधाशासारखं खातं."

मी तोंड उघडलं होतं. शपथेवर सांगते, उघडलं होतं. पण धाकटा आधी बोलला. "हो. मी कोंडल्या होत्या, आदल्या दिवशी. माझीच अक्कल."

भावजयीने त्याच्याकडे बघितलं. मी तोंड मिटलं.

३० एप्रिल

मेलेल्या सगळ्या चौथ्यातच पुरल्या. नेणार कुठे? खड्डा खणायचं यंत्र गावाबाहेरून आणलं, त्याचा चालक तोंडाला फडकं बांधून काम करत होता. मांस खायचं नाही, कातडंही काढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

साहेबांचा फोन आला. फार वाईट झालं म्हणाले, खरंच वाईट वाटलेलं दिसलं. मग म्हणाले, "पण चराई पुरी झाली होती ना तोपर्यंत?"

फोन ठेवला आणि तडक जाऊन दुसऱ्या तुकड्याचं फाटक उघडलं. उरलेल्या नऊ धाकट्याने आत सोडल्या. तो नको म्हणत होता, मी म्हटलं, सोड. म्होरकी जायला तयार नव्हती, तिला ओढावं लागलं. दिवसभर मी तिथे बसून राहिले. फुटवा थोडासाच, पण वाळलेलं, ओलं, कडू, गोड, सगळं होतं, निवडून निवडून खात होत्या. बुटकी निळी खाल्ली, तीनपानी खाल्ली. एकीलाही काही झालं नाही.

अकरा मार्चलाच हे फाटक उघडता आलं असतं.

१२ मे

नऊपैकी सात गाभडल्या. डॉक्टर म्हणाले होते तसं होईल म्हणून. आईच्या रक्तात श्वास नव्हता तर पोटातल्याला कुठून मिळणार?

धाकट्याकडे रोज जाते. भावजय माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवते, "बसा ताई," म्हणते, सगळं नीट करते. त्याच्याशी मात्र बोलत नाही. ताट ठेवते आणि उठून जाते. दुःख प्रत्येकाचं वेगळं असतं, तिला थोडे दिवस द्यायला हवेत. तो अंगणात मेंढवाड्याकडे पाठ करून बसतो. शहरात गोदामात हमाली मिळतेय, तिकडे जाईन म्हणाला. "एकटा?" विचारलं. म्हणाला, "ती येईलसं वाटत नाही."

९ जून

पाऊस लागला. आता काय करायचाय?

आज चौथ्यात गेले. जायचं नव्हतं, पण पाय गेले. खड्ड्याची जागा सोडून उरलेल्या भागात मोजणीची चौकट टाकली आणि गुडघ्यांवर बसले. दांडग्या गवताच्या खुंटांमधून जमीन दिसतेय, आणि जमिनीवर बारीक बारीक रोपं. तीनपानी. म्हातारीचं नाक. चार पावलांवर बुटकी निळी, दोन पानांची, नखाएवढी. अकरा जाती मोजल्या. जिथे चारच होत्या तिथे अकरा. सात वर्षं बी खाली अंधारात वाट बघत पडलं होतं.

माझं म्हणणं खरं ठरलं. कुंपणाबाहेर येऊन ओकले.

१७ जून

साहेब आनंदाने वेडे व्हायचे बाकी आहेत. लेख लगेच लिहायचा म्हणतात. बाकी सगळं ते लिहितील, चराई कशी केली तेवढा परिच्छेद मी लिहून द्यायचा. नमुना म्हणून त्यांनीच एक ओळ सुचवलीय: "एकसारख्या चराईसाठी मेंढ्यांना आदल्या दिवशी उपाशी ठेवण्यात आले, चराई पूर्ण झाल्यावर त्यांना तुकड्यातून काढून घेण्यात आले."

ठेवण्यात आले. कुणी ठेवलं? काढून घेण्यात आले. त्या अजून तिथेच आहेत, मातीखाली.

कागद समोर ठेवून दिवसभर बसले. आदल्या दिवशी उपाशी ठेवण्यात आले, हे छापून येणार आणि खाली माझं नाव येणार. आणि तिकडे धाकटा घरात गुन्हेगारासारखा जेवतोय. भावजय दीड महिना त्याच्याशी का बोलत नाही हे मला आज, या ओळीवरून कळलं. दुःख म्हणे! मी काय आंधळी होते का? की मला तसं राहणं सोयीचं होतं?

१८ जून

गेले. भावजय अंगणात कपडे धूत होती. धाकटा पलीकडे ट्रंक बांधत होता, उद्याच्या गाडीने जायचं म्हणून. मी बसले नाही. म्हटलं, "मेंढ्या कोंडून ठेवायला मी सांगितलं होतं. त्याने नाही. त्याने माझं नाव झाकलं आणि मी झाकू दिलं."

तिचे हात थांबले. तिकडे ट्रंकेचा दोर ओढणं थांबलं.

भावजय म्हणाली, "का सांगितलं होतं?"

"एकसारखं खाल्लं जावं म्हणून."

तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. राग नव्हता, मी रागाची तयारी करून गेले होते. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मग? खाल्लं का एकसारखं?"

"हो," म्हटलं.

तिने मान हलवली आणि कपडा पिळला. पिळून झटकला, दोरीवर टाकला. मग हात पदराला पुसले आणि नवऱ्याकडे बघून म्हणाली, "अहो, सोडा ती ट्रंक. आत चला, जेवून घ्या. गार होतंय."

तो उठला. माझ्याजवळून जाताना थांबला, काहीतरी बोलणार होता, पण तिने आतून पुन्हा हाक मारली आणि तो गेला. आतून ताटांचा आवाज आला, दोन ताटांचा. मग तिचा आवाज, हळू, मग त्याचा.

"ताई, तुम्हीही या," असं कुणी म्हणतंय का म्हणून मी थोडी थांबले. मग निघाले. मेंढवाड्यात म्होरकी उभी होती, तिने माझ्याकडे बघितलं आणि दोन पावलं मागे सरकली. अंगणाच्या फाटकाची कडी मी बाहेरून लावून घेतली.